हळू हायड्रॉलिक : छोट्या ट्रॅक्टरच्या दुरुस्तीची वही

२ डिसेंबर

महिनाभर स्वतःची समजूत काढत होतो की थंडी आहे, ऑइल घट्ट झालंय, गरम झालं की सुटेल. आज मातीच्या ढिगाशी बकेट उचलताना दादा म्हणाला, "ही वर पोचेपर्यंत मी एक डुलकी काढतो." तेव्हा वही काढली. आता अंदाजपंचे काही करायचं नाही, सगळं लिहून.

आधी यंत्राची माहिती. २६ अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, पुढे लोडर (बकेट उचलणारे हात), मागे अवजारं उचलणारी थ्री पॉइंट लिफ्ट आणि दोन कपलरचा (पाइप जोडायच्या तोंडांचा) एक जादा व्हॉल्व्ह. स्टिअरिंगचा पंप वेगळा आहे, त्यामुळे तो या भानगडीत नाही. मुख्य गिअर पंप पुस्तकाप्रमाणे २६०० आरपीएमला मिनिटाला २२ लिटर ऑइल देतो. रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब ठरल्यापेक्षा वाढला की उघडून ऑइल परत सोडणारा, १५५ बारवर (बार हे दाबाचं माप). हायड्रॉलिकला वेगळी टाकी नाही. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल ज्यात बुडलेले असतात तेच ऑइल पंप ओढतो. वाट अशी: हाउसिंग, सक्शनची (पंपाच्या ओढायच्या बाजूची) जाळी, पंप, लोडरचा व्हॉल्व्ह, मागचा व्हॉल्व्ह, लिफ्ट, परत हाउसिंग. म्हणजे सगळे एकाच नळाचं पाणी पितात.

तक्रारी तीन:
लोडर सावकाश उठतो.
पलटी नांगर पलटत नाही, अर्ध्यावर येऊन लटकतो.
लिफ्ट खाली यायला फार वेळ लावते.

तिन्ही एकाच वेळी उपटल्या म्हणून कारणही एकच असणार, असं मी धरून चाललोय. पंप गेला असावा.

३ डिसेंबर

मोजमाप. इंजिन २४०० आरपीएमवर पक्कं ठेवलं. हे महत्त्वाचं, कारण गिअर पंप एका फेऱ्याला ठरलेलंच ऑइल टाकतो. दादा कमी रेसवर काम करतो आणि मी जास्त, म्हणून "कालपेक्षा हळू आहे की नाही" यावरून आमचा वाद आठवडाभर मिटत नव्हता.

२४०० ला पंपाने द्यायला हवेत साधारण २०.३ लिटर. लोडरचे उचलायचे जॅक दोन; आतला व्यास ४० मिमी, चाल ४०० मिमी. पुतणीला हिशेब दिला, तिने वहीच्या मागच्या पानावर केला: एका जॅकचं क्षेत्रफळ १२.५७ चौरस सेमी, दोघांत मिळून एक लिटर ऑइल मावतं. एक लिटर भरायला ३ सेकंद लागायला हवेत.

रिकामी बकेट, सकाळी थंड इंजिन: ५.८ सेकंद. तीनदा मोजलं, ५.७ ते ५.९. म्हणजे पंपाकडून येतंय मिनिटाला साडेदहा लिटरच्या आसपास. निम्मं.

मोबाइलच्या घड्याळावर केलेली ही प्रवाहाची मोजणी. खरा फ्लो मीटर कुणाकडे असेल तर उत्तमच, पण जॅक हेसुद्धा एक मापच आहे. त्याचा व्यास आणि चाल माहीत असली की झालं.

४ डिसेंबर

लिफ्टची तक्रार निकाली. सीटखाली लिफ्ट खाली येण्याचा वेग ठरवणारी गोल मूठ असते, ती जवळजवळ पूर्ण बंद होती. ऑक्टोबरमध्ये रोटाव्हेटर दाणकन आपटू नये म्हणून मीच फिरवली होती. दीड फेरा उघडली, काम झालं. लिफ्ट तर स्वतःच्या वजनाने खाली येते, त्यात पंपाचा संबंधच नाही. हे मला परवाच सुचायला हवं होतं.

दादाला सांगितलं नाही.

५ डिसेंबर

ऑइलची पातळी. ट्रॅक्टर सपाट जागी, लोडर खाली, लिफ्ट खाली, सगळे जॅक आत घेऊन. दांडीवर खालच्या खुणेच्याही खाली निघालं. दोन लिटर घातलं.

पातळी का उतरली याचा विचार केला तर उत्तर ट्रॉलीत आहे. टिपिंग ट्रॉलीचा जॅक ८० मिमी व्यासाचा, ९०० मिमी चालीचा. एकदा ट्रॉली उभी केली की ट्रॅक्टरच्या पोटातलं साडेचार लिटर ऑइल तिकडे जातं. तशीच उभी असताना पाइप काढला तर ते परत येत नाही. शिवाय ती ट्रॉली तीन ट्रॅक्टरांना लागते. एकाच्या पोटातलं ऑइल ट्रॉलीत, ट्रॉलीतलं दुसऱ्याच्या पोटात. माणसांनी एकमेकांची सुई वापरावी तसला प्रकार आहे हा.

ऑइलचा नमुना काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवला. दुधाळ नाही, तळाशी पाणी नाही. तापलेल्या पत्र्यावर थेंब टाकला, तडतडला नाही. फेसही नाही. म्हणजे पाणी नाही आणि सक्शनच्या जोडातून हवा शिरत असण्याची शक्यताही कमी. हवा शिरली की ऑइलला ताकासारखा फेस येतो.

लोडरची वेळ: ५.७. दोन लिटर घालूनही फरक शून्य.

७ डिसेंबर

मिस्त्री येऊन गेले. त्यांच्याकडे २५० बारचा ग्लिसरीन भरलेला गेज आहे. पंपाच्या बाहेरच्या टेस्ट पोर्टला लावला, लोडरचा दांडा वर ओढून जॅक शेवटाला टेकवून धरला. काटा १५५ वर.

"पंप ठणठणीत आहे. प्रेशर भरपूर आहे. तुमचा व्हॉल्व्ह खराब."

मला पटलं. दोन तास पटलेलं राहिलं. मग रात्री झोपताना खटकलं: जॅक शेवटाला टेकला की ऑइलला कुठे जायचंच नसतं. तेव्हा पंप अगदी थोडं ऑइल देत असला तरी दाब चढतोच. नळ बारीक सोडला म्हणून बादली भरायची राहत नाही. त्या चाचणीने एवढंच कळलं की रिलीफ व्हॉल्व्ह १५५ वर उघडतो. ऑइल किती येतंय याबद्दल गेज एक अक्षर बोलला नव्हता.

बकेट किती वजन उचलते ते दाबावर, किती वेगाने उचलते ते प्रवाहावर. आमची बकेट वजन पहिल्यासारखंच उचलते, फक्त रमतगमत उचलते. ही गोष्ट पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होती.

८ डिसेंबर

तरीही ऑइलचा फिल्टर बदलला, कारण नवा आणून ठेवलाच होता. पाण्यातच गेला. ५.७.

१० डिसेंबर

आज खरी माहिती मिळाली, तीही योगायोगाने. दोन तास सलग लोडरचं काम झालं. शेवटी सहज मोजलं: ४.५ सेकंद. थंडीत ५.८, गरम झाल्यावर ४.५. तापल्यावर सुधारतोय!

पंप झिजला असता तर उलटं व्हायला हवं होतं. ऑइल तापून पातळ झालं की झिजलेल्या गिअरच्या बाजूने जास्त गळून मागे जातं, आणि यंत्र गरम झाल्यावर आणखी मंद होतं. सकाळी चपळ, दुपारी मरगळलेला, अशी झिजलेल्या पंपाची तऱ्हा. आमचा सकाळी मरगळलेला आणि दुपारी जरा बरा. म्हणजे ऑइल घट्ट असताना त्याला पंपापर्यंत पोचणंच जड जातंय. संशय पंपाच्या मागे सरकला, सक्शनकडे.

पंप ऑइल ओढतो असं आपण म्हणतो, पण खरं तर तो फक्त जागा रिकामी करतो. ऑइलला तिथे ढकलतो तो वातावरणाचा दाब, आणि तो जेमतेम १ बार. पंपाच्या पुढे १५५ बार, मागे मात्र एवढीच पुंजी. वाटेत जाळी तुंबली की एवढ्याशा दाबाने काय ढकललं जाणार? पंप उपाशी राहतो. आणि उपाशी पंप ओरडतो: थंडीत सुरू केल्यावर खडे भरलेला डबा हलवल्यासारखा जो आवाज येतो तो मी "थंडीचा आवाज" म्हणून सोडून देत होतो.

दादाने नव्या पंपाची चौकशी करून ठेवली होती. थांबवलं.

१३ डिसेंबर

मिस्त्रींचा गेज मागून आणला. या वेळी जॅक शेवटाला टेकवायचा नाही. तो चालत असतानाचा दाब बघायचा.

लोडर, रिकामी बकेट, वर जाताना: ३५ बार, काटा थरथरतोय. वेग निम्मा.

पलटी नांगर, हवेत उचललेला, पलटताना: १५० बार. काटा रिलीफच्या आकड्याला जाऊन चिकटतो आणि बारीक शिट्टी ऐकू येते. वेग त्याहून वाईट.

हे दोन आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत बसलो. दोन्ही ठिकाणी तक्रार तीच, हळू. पण लोडरला दाब कमी आहे, म्हणजे मागून ऑइलच येत नाहीये. नांगराला दाब शिगेला आहे, म्हणजे ऑइल येऊन पोचलंय पण पुढे कुणीतरी वाट अडवलीय. हे दोन वेगळे रोग आहेत. गेले दहा दिवस मी एकच कारण शोधत होतो.

आधी मागचा.

१४ डिसेंबर

सक्शनची जाळी. त्यासाठी हाउसिंग रिकामं करावं लागतं. लोडर खाली टेकवला, इंजिन बंद, सगळे दांडे दोन्ही बाजूंना हलवून उरलासुरला दाब मोकळा केला. मग निचऱ्याचा बोल्ट. २४ लिटर ऑइल निथळायला पाऊण तास.

जाळी बाहेर आली ती लालसर दाढी घेऊन. गॅस्केट पेस्टचे धागे. काही बोटभर लांब, जाळीला आडवे चिकटलेले, त्यांच्यात काळा गाळ अडकून पापुद्रा झालेला. निम्म्याहून जास्त जाळी बंद.

पेस्ट कुठून आली? गेल्या वर्षी लिफ्टचं वरचं झाकण काढून सील बदललं होतं, तेव्हा "गळायला नको" म्हणून झाकणाला पेस्टचा जाड दोर फिरवला होता. बोल्ट आवळले की अर्धी पेस्ट बाहेर दिसते, ती आपण बोटाने पुसतो. उरलेली अर्धी आत जाते, ती कोण पुसणार? फिरवणारा मीच होतो, मिस्त्री नव्हते. नोंद राहू दे.

चुंबकावर लोखंडाचा मऊ भुगा होता, शाईसारखा. गिअरबॉक्सच्या ऑइलमध्ये तेवढा असतोच. चमकणारे तुकडे किंवा पितळेच्या कपच्या नव्हत्या. बरं वाटलं.

जाळी डिझेलमध्ये धुतली, आतून बाहेर हवा मारली. तारेचा ब्रश वापरला नाही, जाळीची छिद्रं फाकतात. सक्शनच्या जोडाची ओ-रिंग काढताना दोन तुकडे झाली, इतकी कडक. नवी टाकली. ती अजून हवा घेत नव्हती, पण महिन्याभरात घेतली असती.

ऑइल नवं भरलं. दुकानातलं साधं हायड्रॉलिक ऑइल इथे चालत नाही. याच ऑइलमध्ये गिअर आणि ऑइलमधले ब्रेकही आहेत, त्यासाठी ट्रान्समिशन-हायड्रॉलिक दोन्हींचं ऑइल लागतं. चुकीचं भरलं की ब्रेक करकरतात आणि मग माणूस ब्रेक उघडत बसतो.

सक्शन पाइपात ऑइल भरूनच पंप जोडला. सुरू केल्यावर दोन मिनिटं आयडलवर, रेस अजिबात नाही. कोरडा पंप रेसवर फिरवला की नवा पंप घ्यायची सोय होते.

१५ डिसेंबर

सकाळी, थंड: ३.५ सेकंद. अर्ध्या तासाने: ३.३.

म्हणजे १८.३ लिटर. २०.३ पैकी १८.३, नव्वद टक्के. एवढी वर्षं चाललेल्या गिअर पंपासाठी झकास. खड्यांचा आवाजही गेला. मी मुद्दाम इंजिनाशेजारी उभा राहून पुन्हा ऐकलं.

दादाची प्रतिक्रिया: "बघ, म्हटलं होतं ना पंप चांगलाय." कधी म्हटलं होतं ते विचारलं नाही.

नांगर मात्र तसाच लटकतोय.

१७ डिसेंबर

आता नांगर. तो पलटतो कसा ते आधी लिहून ठेवतो. जॅक आत येतो तसा नांगराचा सांगाडा उभा होत मध्यावर येतो, तिथे आपल्या झोकात पलीकडे कलतो, आणि मग व्हॉल्व्हचा दांडा उलटा केला की जॅक बाहेर जात त्याला दुसऱ्या बाजूला निजवतो. सगळी मदार मध्याच्या झोकावर. हळू आला तर झोकच नाही, नांगर उभा राहतो आणि आपण ट्रॅक्टरला गचके देत बसतो. गेला हंगामभर आम्ही तेच केलं.

जॅकचा आतला व्यास ६३ मिमी, त्याचा आत-बाहेर सरकणारा दांडा ३५ मिमी, चाल २०० मिमी. पुतणीचा हिशेब: बुडाच्या बाजूला ६२३ मिली मावतं, दांड्याच्या बाजूला ४३१, कारण तिथली थोडी जागा दांडाच खातो. १८.३ लिटरने बाहेर जायला २ सेकंद आणि आत यायला १.४ सेकंद.

प्रत्यक्षात: बाहेर ३.९, आत ५.१.

वेळा तर वाढल्याच, पण क्रमही उलटा झालाय. नीट चालणारा जॅक आत येतो तो झटपट, बाहेर जातो सावकाश. आमचा आत यायलाच जास्त वेळ घेतोय. माझा निष्कर्ष: आत येताना बुडाच्या बाजूने ६२३ मिली बाहेर पडावं लागतं, दुसरीकडून आत येतंय ४३१. म्हणजे परतीच्या वाटेवर दीडपट गर्दी. अडथळा बुडाच्या पाइपातच.

वाटतं हुशार. उद्या बघू.

१८ डिसेंबर

दादाने मध्येच रिलीफचा स्क्रू पाव फेरा आवळला आणि मला बोलावलं, "बघ, जरा जोरात चालतंय." चालतही होतं, किंचित. पण तो वेग नाही, ती जबरदस्ती आहे. अडथळ्यातून ऑइल रेटायला दहा टक्के जास्त दाब दिला तर वेग पाच टक्के वाढतो, आणि ताण मात्र सगळ्या पाइपांवर, सीलवर, पंपावर येतो. स्क्रू होता तिथे आणला, गेजवर १५५ बघूनच नट आवळला.

शिट्टीचा हिशेबही करून बघितला. दाब १५० बार, पंपाचं सगळं १८ लिटर रिलीफवरून परत जात असेल तर साडेचार किलोवॉट निव्वळ ऑइल तापवण्यात जातात. सहा अश्वशक्ती. शिट्टी वाजू लागली की दांडा सोडायचा, हे आता दोघांनीही पाळायचं ठरलंय.

१९ डिसेंबर

नांगराचे दोन्ही पाइप ट्रॅक्टरच्या कपलरना आपसात बदलून लावले. अपेक्षा अशी की अडथळा ट्रॅक्टरच्या कपलरमध्ये असेल तर काहीतरी बदलेल. व्हॉल्व्हच्या दांड्याची दिशा उलटली, बाकी काही नाही. बाहेर ३.९, आत ५.१. अगदी दशांशापर्यंत तेच.

अर्धा दिवस गेला, आणि का गेला ते कागदावर बसल्यावर कळलं. अडथळा दोनपैकी कुठल्याही पाइपात असो, जॅकच्या आत-बाहेरच्या वेळांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास सारखंच येतं. बुडाच्या बाजूला असेल तर त्यातून ६२३ मिली जावं लागतं आणि आत येताना मागे दाब कमी पडतो. दांड्याच्या बाजूला असेल तर फक्त ४३१ जातं, पण बाहेर जाताना त्याच्या मागे दाब वाढून मिळतो. गणित फिरून तिथेच येतं. म्हणजे "आत यायला जास्त वेळ" याचा अर्थ इतकाच की कुठेतरी अडथळा आहे. कुठे, ते त्यातून कळत नाही. परवाची हुशारी मागे घेतो.

२१ डिसेंबर

ट्रॅक्टरची बाजू आणि नांगराची बाजू वेगळी करायला ट्रॉली कामी आली. तिला एकच पाइप आहे. साडेचार लिटर भागिले १८.३, म्हणजे पूर्ण उठायला १५ सेकंद. ट्रॉली पहिल्या कपलरला लावली: १५. दुसऱ्याला: १५. (पाइप जोडण्याआधी दोन्ही टोकं पुसली. सुईची गोष्ट आठवली.)

ट्रॅक्टरची दोन्ही कपलर सुटली. दोष नांगराच्या पाइपांत, त्यांच्या टोकांत किंवा जॅकमध्ये.

मग नांगर जोडून दहा वेळा पलटवला, तो जमिनीवर टेकवला, इंजिन बंद केलं, दाब सोडला आणि कपलरच्या बाहेरून हात लावून बघितला. एक नुसतं कोमट, दुसरं चटका बसेल असं. ऑइल जिथे रेटून जातं तिथेच तापतं. गरम निघालं ते दांड्याच्या बाजूचं. माझा संशय होता बुडाच्या पाइपावर.

हात लावायची गोष्ट लिहिली म्हणून हेही लिहितो: दाब असताना पाइपावर किंवा जोडावर हात फिरवून गळती शोधायची नाही. सुईएवढ्या छिद्रातून १५० बारने निघालेलं ऑइल कातडी फोडून आत शिरतं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, दुखत नाही, आणि काही तासांत बोट किंवा हात कापायची पाळी येऊ शकते. गळती बघायला पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा, आणि कुणाला असं लागलं तर वाट न बघता थेट रुग्णालय.

२२ डिसेंबर

नांगराच्या पाइपांची दोन्ही टोकं टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. दिसायला जुळी भावंडं. व्हर्निअर घातला तर एकाच्या आतल्या व्हॉल्व्हचं नाक दुसऱ्याहून २ मिमी आत.

जलद कपलरमध्ये दोन्ही बाजूंना स्प्रिंगचे व्हॉल्व्ह असतात. जोडल्यावर त्यांची नाकं एकमेकांना ढकलून दोघेही उघडतात. यातलं एक टोक गेल्या हंगामात बदललेलं आहे, वेगळ्या बनावटीचं. कपलरमध्ये बसतं, कट्ट आवाज येतो, गळत नाही. पण नाक आखूड असल्यामुळे समोरच्या व्हॉल्व्हला पूर्ण ढकलत नाही. दार किलकिलं उघडतं आणि आपल्याला वाटतं सताड उघडलंय.

ते टोक दांड्याच्या पाइपावर होतं, आणि ही गोष्ट वेगापेक्षा जास्त काळजीची आहे. जॅक बाहेर ढकलताना बुडाच्या बाजूला १५५ बार आणि दांड्याच्या बाजूची वाट तुंबलेली, तर तिथला दाब क्षेत्रफळांच्या प्रमाणात वाढतो: १५५ गुणिले १.४५, म्हणजे २२४ बारपर्यंत. रिलीफला याचा पत्ताही लागत नाही, तो पंपाकडच्या १५५ वर समाधानी. अर्धा इंची पाइप एका तारजाळीचा असेल तर तो १६० बारचाच असतो. पाइपावरचा छाप घासून वाचला: दोन तारजाळ्यांचा, २७५ बार. सुटलो.

दोन्ही टोकं एकाच बनावटीची, ट्रॅक्टरच्या कपलरशी जुळणारी मागवली.

२७ डिसेंबर

टोकं आली. बसवताना धाग्यांना टेप गुंडाळला नाही. या जोडाला खाली वॉशर असतो, तोच सील करतो. टेपचे धागे सुटून आत गेले की जाळीला आणखी एक दाढी, आणि तो धडा एकदा झालाय.

पलटी नांगर, २४०० आरपीएम, गरम ऑइल: बाहेर २.१, आत १.५. पलटताना दाब ५५ बार. शिट्टी नाही.

मध्यावर अजिबात न रेंगाळता धप्पकन पलीकडे. इतक्या जोरात की दादा दोन पावलं मागे सरला. आता उलट थोडी रेस कमी करूनच पलटवायला हवा, नाहीतर सांगाड्याच्या टेकणीवर हातोडा पडल्यासारखा आदळतो. उद्या १८०० वर बघतो.

२८ डिसेंबर

१८०० वर सहज पलटतो. आदळत नाही. हीच रेस ठरली.

४ जानेवारी

वीस तास काम झालं. जाळी पुन्हा उघडली नाही, पण थंड वेळ रोज सकाळी मोजतोय: ३.५, ३.५, ३.४, ३.५. आत पेस्टचे आणखी तुकडे फिरत असतील तर हा आकडा आधी सांगेल. ४ च्या वर गेला की उघडायची.

सीटखालच्या पत्र्यावर रंगाने लिहून ठेवलं: लोडर ३.५ थंड, ३.३ गरम. नांगर २.१ बाहेर, १.५ आत, ५५ बार. सगळं २४०० वर. पुतणीने खाली स्वतःचं नाव आणि "हिशेब बरोबर आहे" असं लिहिलंय, ते पुसलं नाही.

मिस्त्रींना गेज परत दिला. झालेलं सांगितलं. "म्हणजे प्रेशर चांगलंच होतं की," म्हणाले. होतंच.

शिल्लक कामं: ट्रॉलीच्या पाइपाला धुळीची टोपी. ट्रॉली खाली केल्याशिवाय पाइप काढायचा नाही, हे बाकीच्या दोघांना सांगायचं. लिफ्टच्या मुठीचं दादाला कधीतरी सांगायचं. आणि लोडर भरून वर ठेवला की दहा मिनिटांत २० मिमी खाली बसतो. जॅकचं सील की व्हॉल्व्हचा स्पूल (आतली सरकती दांडी), ते बघायला वहीचं नवं पान.